जामीनदाराला विसरू नका

कराडचा मुलगा दुबईला जाऊन हप्ते थांबवतो, तेव्हा नोटीस येते जामीन राहिलेल्या मामाच्या दारात. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ सांगते : करारात वेगळे ठरले नसेल, तर जामीनदार कर्जदाराइतकाच जबाबदार. १९६० च्या सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली पतसंस्था वसुली दाखला मिळवून त्याच्या मालमत्तेवर जप्ती आणू शकते. तिकडचे कर्ज बुडवून गावी परतणाऱ्यांचीही सुटका नाही. जानेवारी २०२० पासून अमिरातीच्या न्यायालयांचे पैशांचे हुकूमनामे भारतात बजावता येतात.

आम्ही सांगतो, लाजून फोन बंद करू नका. संस्थेला तिकडचा पत्ता द्या, हप्ता कमी करून लेखी मागा, फिटल्यावर दाखला घ्या. विश्वासाने सही करणाऱ्याच्या ताटातला घास आपल्यामुळे जाऊ नये.