तिजोरीतले वीर आणि त्यांची थट्टा

विडंबन ही चीज मराठी घराला नवी नाही. आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये रविकिरण मंडळाच्या कवींची जी टर उडवली, ती मूळ कविता कधीही न वाचलेल्या पिढ्यांनीसुद्धा मिटक्या मारत वाचली. मात्र तिथे थट्टा करणारा एक होता आणि कविता दुसऱ्याची होती. अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर गेली तीस वर्षे कार्टूनमधल्या सुपरहीरोंचे जे विडंबन चालले आहे, त्याचा व्यवहार बराचसा निराळा आहे. तिथे हीरोही कंपनीचा आणि त्याला हसणारी मालिकाही त्याच कंपनीची. जमा आणि नावे एकाच खात्यावर! उमेदीची वर्षे बँकेत घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला असे खाते दिसले, की त्याच्या नोंदी उघडून पाहाव्याशा वाटतात.

पहिली नोंद १९६६ सालची. हॅना-बार्बेरा या स्टुडिओने ‘स्पेस घोस्ट’ ही मालिका आणली आणि पुढच्याच वर्षी ‘बर्डमॅन’. दोन्ही वीरांची रेखाटने अ‍ॅलेक्स टॉथ या कसबी चित्रकाराची. चित्रे देखणी, पण हालचाल काटकसरीची. धड स्थिर, फक्त ओठ हलणार; धावण्याची तीच चित्रे पुन्हा पुन्हा वापरणार. कथाही तशीच काटकसरीची. खलनायक येतो, वीर त्याला ठोकतो, जग वाचते. १९६८च्या सुमारास पडद्यावरच्या मारामारीविरुद्ध अमेरिकेत पालकांचा आवाज उठला. त्याच वर्षी बॉस्टनजवळच्या काही मातांनी मुलांच्या कार्यक्रमांसाठी संघटना काढली. लवकरच हे वीर शनिवार सकाळच्या वेळापत्रकातून बाहेर पडले आणि फडताळात जाऊन बसले.

१९९१ साली टेड टर्नर यांच्या कंपनीने हॅना-बार्बेराचा सारा संग्रह विकत घेतला आणि १९९२ साली त्यावर ‘कार्टून नेटवर्क’ ही वाहिनी उभी केली. १९९५ साली ती भारतात आली. सुट्टीच्या दुपारी आमच्या घरची मुले तिच्यापुढून हलत नसत. सूर्यापासून शक्ती घेणारा बर्डमॅन त्यांना अगदी ताजा वाटे. तो त्यांच्या बापाच्या बालपणातला आहे, याचा पत्ता घरात कोणालाच नव्हता.

नव्या वाहिनीपुढचा प्रश्न मात्र बँकवाल्याला चटकन कळेल असा होता. गोदाम मालाने भरलेले, पण हातात रोकड कमी. नवी मालिका काढायला पैसे लागतात. जुन्या वीरांना कोणी विचारत नाही. माइक लॅझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जो तोडगा काढला, त्यातून १५ एप्रिल १९९४ रोजी ‘स्पेस घोस्ट कोस्ट टू कोस्ट’ ही मालिका सुरू झाली. १९६६च्या जुन्या फितींमधून वीराची चित्रे कापून घेतली, त्यांना नवा आवाज दिला आणि या अंतराळवीराला चक्क गप्पांच्या कार्यक्रमाचा सूत्रधार करून टेबलामागे बसवले. त्याचेच जुने शत्रू कैदी म्हणून कामाला जुंपलेले. झोरॅक हा टोळासारखा खलनायक वाद्ये सांभाळतो, मोल्टार दिग्दर्शन करतो. पाहुणे मात्र हाडामांसाचे, नामवंत कलावंत. त्यांनी एका प्रश्नाला दिलेले उत्तर पडद्यावर भलत्याच प्रश्नाला जोडले जाई. पाहुण्याची तारांबळ, वीराचा पोकळ डौल आणि मध्येच पसरलेली अवघडलेली शांतता, हाच विनोद. जगाला वाचवण्याचे काम संपलेला वीर स्वतःचे महत्त्व कसे टिकवतो, हे त्यात दिसे. निवृत्तीनंतरही सोसायटीच्या सभेत साहेबी सोडू न शकणारी माणसे आपण काय पाहिलेली नाहीत?

योगायोग असा, की त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका गाण्याच्या विडंबनाच्या खटल्यात निर्वाळा दिला, की पैसे मिळवण्यासाठी केलेले विडंबनही कायद्याच्या संरक्षणास पात्र ठरू शकते. म्हणजे बाहेरच्याला दार काही प्रमाणात उघडे होते. तरी बाहेरच्याने स्वतःचा वीर घडवणे अधिक सोयीचे. बेन एडलंड या तरुणाने १९८६ साली रेखाटलेला ‘द टिक’ हा धिप्पाड, भाबडा, भाषणबाज वीर १९९४ साली असाच दूरचित्रवाणीवर आला.

आतल्यांची थट्टा पुढे अधिक रंगली. २ सप्टेंबर २००१ रोजी कार्टून नेटवर्कने रात्री प्रौढांसाठी वेगळा भाग सुरू केला. त्याचे नाव ‘अ‍ॅडल्ट स्विम’. अमेरिकेत सार्वजनिक तलावांवर मुलांना बाहेर काढून मोठ्यांना पोहण्यासाठी राखून ठेवलेल्या वेळेला हेच नाव आहे. इथे आपला बर्डमॅन पुन्हा भेटतो. पण आता तो हार्वी बर्डमॅन, वकील. सुटाबाहेर पंख, बगलेत फायली आणि डोक्यावर विक्षिप्त मालक. अशिलांमध्ये सारी हॅना-बार्बेराची जुनी मंडळी. फ्रेड फ्लिंटस्टोनवर गुंडांची टोळी चालवल्याचा आरोप. भविष्यकाळातले जेट्सन कुटुंब, तुम्ही पृथ्वी तापवून आमचे जग बुडवलेत म्हणून, वर्तमानकाळावरच दावा लावते. अकरा-अकरा मिनिटांचे ३९ भाग. २००७ साली मालिका संपली. १९६७ साली बर्डमॅन पाहणारी मुले तोवर चाळिशीत पोहोचली होती आणि त्यांच्याही टेबलावर फायलींचे ढीग होते. त्यांना आपला वीर आपल्याच कचेरीत भेटला. या हसण्यात तुच्छता नव्हती, ओळख होती.

आणि मालकाचे नुकसान? काहीच नव्हते. ज्या वीराची किंमत वहीत जवळपास शून्य धरलेली, त्याची थट्टा करायला कोण अडवणार? या विडंबनाचे स्वातंत्र्य मालकाच्या बेफिकिरीतून आले होते.

ही बेफिकिरी आता उरलेली नाही. १९९६ साली टर्नर यांची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली आणि बर्डमॅनबरोबर सुपरमॅन व बॅटमॅनही एकाच छपराखाली आले. पुढे सुपरहीरोंचे चित्रपट हा हॉलिवुडचा मुख्य धंदा झाला. २०१९ साली सुरू झालेली ‘हार्ली क्विन’ ही प्रौढांची कार्टून मालिका बॅटमॅनच्या जगाची भरपूर खिल्ली उडवते. (रक्तपात आणि शिवीगाळही भरपूर. तेव्हा हाताने रेखाटलेले म्हणजे मुलांचे, या समजुतीने रिमोट नातवंडांच्या हाती देऊ नये.) पण बॅटमॅनच्या एका शृंगारिक प्रसंगाला मालक कंपनीने हरकत घेतली. असे वागणाऱ्या वीराची खेळणी विकणे कठीण जाते, या अर्थाचे कारण आपल्याला मिळाल्याचे निर्मात्यांनीच २०२१ साली सांगितले. त्या प्रसंगावाचून प्रेक्षकांचे काही अडले असेल असे नाही. परंतु थट्टेची हद्द खेळण्यांच्या विक्रीवरून ठरली, हे महत्त्वाचे.

त्यापुढची नोंद अधिक अस्वस्थ करणारी आहे. २०२२ साली ही कंपनी डिस्कव्हरीत विलीन झाली. त्याच ऑगस्टमध्ये ‘बॅटगर्ल’ हा जवळपास पूर्ण झालेला चित्रपट करसवलतीच्या हिशेबात राइट ऑफ झाला आणि कंपनीच्या स्ट्रीमिंग सेवेवरून अनेक कार्टून मालिका रातोरात काढल्या गेल्या. २०२३ साली ‘कायोटी व्हर्सेस अ‍ॅक्मी’ या तयार चित्रपटावरही हीच पाळी आली. सदोष माल विकणाऱ्या कंपनीवर कार्टूनमधला कोल्ह्यासारखा प्राणी दावा लावतो, अशी त्याची मूळ कल्पना. म्हणजे हार्वी बर्डमॅनच्याच गोत्रातली. कलावंतांनी आणि रसिकांनी ओरडा केल्यावर २०२५ साली तो दुसऱ्या वितरकाने विकत घेतला. बँकेत कर्ज राइट ऑफ केले तरी वसुलीचा हक्क शिल्लक राहतो आणि फाईल बंद होत नाही. इथे मात्र शेकडो माणसांचे काम कुलपात जाते आणि प्रेक्षकाकडे कोणतीच पावती राहत नाही. १९९४ साली निरुपयोगी फितींतून हसू निर्माण करणारे आणि आज तयार हसू वहीतून खोडणारे गोदाम एकाच वारशातले आहे.

यावर काळाने एक उपाय ठेवला आहे. १९३८ साली प्रकाशित झालेल्या सुपरमॅनच्या पहिल्या कथेवरचा अमेरिकी स्वामित्वहक्क ९५ वर्षांनी संपतो आणि १ जानेवारी २०३४ रोजी तो मूळ सुपरमॅन सर्वांचा होतो. बॅटमॅनची पाळी त्याच्या पुढच्या वर्षी. नंतरच्या काळात त्यांना मिळालेले रूप आणि बोधचिन्हे यांवरचे दावे चालूच राहतील, हे उघड आहे. पण त्या मूळ वीराला टेबलामागे बसवायला, कोर्टात उभे करायला, त्याच्या डौलाला हसायला कोणत्याही कंपनीची परवानगी लागणार नाही. तोवर अशी एखादी मालिका पाहून हसू आले, तर मनसोक्त हसावे. फक्त शेवटी येणारे मालकाचे नाव वाचायला विसरू नये.