बाजाराची कात्री आणि मुलांचे मनोविश्व

१९८५ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर अवतरलेली ‘रोबोटेक’ ही महाकाय यंत्रमानवांची मालिका परस्परांशी संबंध नसलेल्या तीन जपानी चित्रमालिका एकत्र शिवून तयार केलेली होती. त्यामागे साधा व्यापारी हिशेब होता. तेथील स्थानिक केंद्रांना आठवड्याचे पाच दिवस दाखविण्यासाठी ६५ भाग लागत. त्या तिघींपैकी ‘मॅक्रॉस’चे भाग होते अवघे ३६! आदल्या वर्षीच्या ‘व्होल्ट्रॉन’मध्ये तर मूळ कथेत मरण पावणारा वीर संवाद बदलून रुग्णालयात धाडण्यात आला. युद्ध विकावे, त्याची किंमत मात्र झाकावी, हा भांडवली बाजाराचा न्याय.

याच अमेरिकन गाळणीतून आलेला, माणसांनी वठविलेला ‘जायंट रोबोट’ इंग्रजी बोलत १९८० च्या दशकात दूरदर्शनवरून शनिवार पेठेतील वाड्यांत पोहोचला. मुले त्यात रमली, यात त्यांचा दोष नाही. परंतु जनतेच्या पैशावर चालणाऱ्या दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीने जपानी कथा थेट जपानीतून, न कापता, मराठीत का आणू नयेत? नफ्याच्या गणितात न बसणारे हे काम सार्वजनिक संस्थेनेच करावयाचे असते. ‘आधी भाकरीचा प्रश्न’ असे म्हणून ही मागणी मागे टाकणारे कार्यकर्ते उद्याच्या नागरिकांचे मन आजच व्यापाऱ्यांच्या स्वाधीन करीत आहेत.