चेहऱ्यातली कळ स्कॅनमध्ये दिसत नाही

दाढ दुखते म्हणून दाढ काढली. कळ थांबली नाही म्हणून शेजारचीही काढली. तरी कळ येतेच आहे! नात्यात किंवा सोसायटीत कुणाची अशी कहाणी ऐकली असेल, तर जरा थांबा. ते दुखणं दाताचं नसेलही.

चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना ट्रायजेमिनल नावाची एकेक नस असते. तिच्या तीन फांद्या. एक कपाळ आणि डोळ्याकडे जाते, दुसरी गाल आणि वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. दातांची संवेदनाही हीच नस मेंदूकडे नेते, म्हणून तर सगळा घोळ होतो. या नसेच्या दुखण्याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. विजेचा झटका बसावा तशी कळ येते, काही सेकंद टिकते आणि जाते. मग पुन्हा येते. दात घासताना, घास चावताना, दाढी करताना, कधी तर पंख्याचा वारा लागला तरी. हा आजार पन्नाशीनंतर जास्त दिसतो आणि बायकांमध्ये थोडा अधिक. सलमान खानने आपल्याला हा त्रास होता असं जाहीरपणे सांगितलं, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

यावर उपाय आहेत. सुरुवात बहुतेकदा कार्बामाझेपिन या गोळीने होते. पुष्कळांना तिचा गुण येतो, पण काहींना गुंगी, चक्कर यांचा इतका त्रास होतो की ती सोसवत नाही. नसेवर रक्तवाहिनी दाबली जात असेल, तर कवटी उघडून ती बाजूला करायची शस्त्रक्रिया आहे. आणि ज्यांना गोळी पुरत नाही, वयामुळे किंवा इतर आजारांमुळे मोठं ऑपरेशन झेपणार नाही, त्यांच्यासाठी एक मधला मार्ग आहे: रेडिओफ्रिक्वेन्सी.

यात ओठाच्या कोपऱ्यापासून दोन-तीन सेंटीमीटरवर गालातून एक लांब सुई आत नेतात. कवटीच्या तळाशी एक लंबगोल भोक असतं, जेमतेम ७ मिलिमीटर लांब आणि ४ मिलिमीटर रुंद. त्यातून सुई नसेच्या मुळाशी पोचवायची आणि टोक साधारण ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून कळ वाहून नेणारे तंतू निकामी करायचे. बस, मिनिट-दीड मिनिटाचं काम. पण ते भोक प्रत्येकाचं सारखं नसतं आणि मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी तिथून जवळच असते. पूर्वीपासून डॉक्टर हे काम एक्स-रेच्या चालत्या चित्रावर करत आले आहेत. सीटी स्कॅनमुळे त्याच पेशंटच्या कवटीचं बारीक काप असलेलं, त्रिमितीय चित्र समोर येतं. सुई कुठल्या कोनातून आणि किती खोल न्यायची हे आधी ठरवता येतं, आणि टोक खरंच आत पोचलंय का, हेही लगेच तपासता येतं.

भारी आहे ना? पण यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट पुढेच आहे. सुई जागेवर पोचल्यावर डॉक्टर लगेच ती तापवत नाहीत. आधी अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडतात आणि जाग्या असलेल्या पेशंटला विचारतात, "मुंग्या कुठे येतायत? नेहमी दुखतं तिथेच का?" पेशंट "हो" म्हणाला, तरच पुढे जायचं. "नाही, डोळ्याकडे येतायत" म्हणाला, तर सुई सरकवायची, कारण चुकीची फांदी भाजली तर डोळ्याच्या बुबुळाची संवेदना जाऊ शकते. सीटी सुईला वाट दाखवतो. कळ कुठे आहे, हे मात्र ज्याची कळ आहे त्यालाच सांगावं लागतं.

मग माझा प्रश्न असा, की उपचाराच्या टेबलावर ज्या माणसाच्या शब्दावर इतकं अवलंबून राहावं लागतं, त्याचा शब्द आपण आधीची कित्येक वर्षं का मानत नाही? "रिपोर्ट नॉर्मल आहे, मग दुखतं कसं?" हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. डॉक्टर म्हणतात, त्याआधी आपणच म्हणतो. आजी जेवत नाही, तर ती नाटकं करते. काकू बोलायचं टाळते, तर ती फुगून बसली आहे. या आजाराचं निदान मुख्यतः पेशंटच्या सांगण्यावरूनच होतं. नसेवर कशाचा दाब आहे का, गाठ आहे का, हे पाहायला एमआरआय लागतो, पण तो नॉर्मल आला म्हणून कळ खोटी ठरत नाही.

घरातल्यांना दवाखान्यात नेणारे, रांगेत उभे राहणारे, गुगल करणारे आता आपणच आहोत. म्हणून दात काढण्याआधी विचारा: एक्स-रेमध्ये दात खराब दिसतोय का? कळ झटक्यासारखी असेल, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवायचं का? आणि कुणी सीटीवरची रेडिओफ्रिक्वेन्सी सुचवली, तर मशीनचं नाव ऐकून भारावून जाऊ नका. गोळीचा डोस नीट बसवून पाहिला का? त्यानंतर गाल किती बधिर राहील? चावायला त्रास होईल का? काही वर्षांनी दुखणं परत येऊ शकतं, तेव्हा काय? हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. चांगला डॉक्टर याची उत्तरं देतोच.

मशीन आणखी सुधारतील, चित्रं आणखी स्पष्ट होतील. पण कुणी गालाला हात लावून "इथे वीज चमकल्यासारखं होतं" म्हणालं, तर तपासणी तिथूनच सुरू झालेली असते. फोन बाजूला ठेवा आणि ते पूर्ण ऐका.