तसबीर आहे, नांव कुठें?

विसाव्या शतकांतील नामांकित स्त्रियांच्या तसबिरींत एक शेतमजूर बाईही आहे. १९३६ सालीं अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांत, थंडीपावसानें वाटाण्याचें पीक बुडालें; शेंगा तोडणारे मजूर तंबूंत उपाशी पडले. तेथें सरकारी कामावर असलेल्या डोरोथिया लँग बाईंनीं एका मातेची तसबीर घेतली. वय विचारलें, बत्तीस. नांव विचारलें नाहीं! तसबीर जगभर गाजली. बाई मात्र मजुरी करीत, पोरें पोशीत राहिली. चेरोकी वंशाच्या त्या बाईचें फ्लोरेन्स थॉम्प्सन हें नांव १९७८ सालीं उजेडांत आलें. तोंवर आपणांस त्यांतून दमडीही मिळाली नाहीं, असें ती म्हणाली. शेतकरी बंधुभगिनींनो, राणीच्या चित्राखालीं नांव घालावयाचें राहिलेलें कोणीं पाहिलें आहे काय? आमच्या शाळेंत ही तसबीर लावूं, तेव्हां नांव आधीं लिहूं.