मागील पानावरून पुढे

जुन्या पेढीवरच्या कीर्दीत पानाच्या तळाशी बेरीज मांडली जाई आणि नव्या पानाच्या माथ्यावर तोच आकडा पुन्हा उतरवून त्याच्याजवळ ‘मागील पानावरून पुढे’ असे शब्द लिहिले जात. हा एक आकडा चुकीचा उतरला, तर नव्या पानावरची प्रत्येक रक्कम बिनचूक असूनही शेवटी मेळ बसत नसे. मग मुनीमजी रात्री पाने उलटी चाळीत बसत आणि चूक मागे कोठेतरी, एखाद्या लहानशा आकड्यात दडलेली सापडे. व्यापारी घरांना हे समजावून सांगावे लागत नाही. मात्र त्याच घरातील मुलाच्या शाळेच्या वहीलाही हाच नियम लागू आहे, इकडे सहसा लक्ष जात नाही.

तालुक्याच्या गावातील असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. बाजारपेठेत भुसार मालाचे दुकान, वर माडीवर राहते घर. मुलगा मराठी शाळेत इयत्ता चौथीत शिकतो. वडील सूर्यास्तापूर्वीच्या जेवणासाठी अर्धा तास वर येतात आणि पुन्हा खाली जातात. वहीवर पालकांची सही लागते. ती याच अर्ध्या तासात, ताट वाढले जात असताना होते. सही करणाऱ्या हाताला घाई असते आणि डोळे फक्त शिक्षिकेच्या लाल शाईतील बरोबरच्या खुणा पाहतात. मग ठरलेला प्रश्न येतो, “आज शाळेत काय शिकवले?” ठरलेले उत्तर मिळते, “काही नाही.”

हे ‘काही नाही’ किती मोठे असते, ते त्या मुलाचा एकच आठवडा उलगडून पाहिला की ध्यानात येते.

सोमवारी मराठीच्या तासाला आपल्या परिसरातील एका दुकानाचे वर्णन लिहावयाचे होते. मुलाने आपल्याच दुकानाविषयी लिहिले आणि त्यात ‘मापटे’ हा शब्द आला. बाईंनी अर्थ विचारला. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, हे आजोबांच्या तोंडून ऐकलेले कोष्टक त्याने उभे राहून सांगितले. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या त्या मुलाकडे त्या दिवशी सारा वर्ग वळून पाहत होता. घरच्या गादीवर सहज पडलेला शब्द शाळेत त्याची पुंजी ठरला.

मंगळवारी गणितात भागाकार होता. ४०८ भागिले ४, असे उदाहरण फळ्यावर आले. मुलाने उत्तर लिहिले १२. पुढचे उदाहरण ५१५ भागिले ५. त्याचे उत्तर त्याने १३ असे मांडले. फळ्यावर बरोबर उत्तरे आली, तेव्हा त्याने खोडरबराने आपली उत्तरे पुसली आणि १०२ व १०३ उतरवून घेतले. वहीत बरोबरची खूण झाली. गेले तीन आठवडे हेच चालले होते. पस्तीस मुलांच्या वर्गात पुसलेल्या जागेखाली काय होते, हे बाईंच्या नजरेतून निसटले होते. मुलाच्या मनात मात्र ‘मला गणित येत नाही’ हे वाक्य हळूहळू मूळ धरू लागले होते.

बुधवारी परिसर अभ्यासात पिण्याच्या पाण्याचा विषय निघाला. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की माती तळाशी बसते, गाळल्याने कचरा वेगळा होतो, पण डोळ्यांना न दिसणारे रोगजंतू मारण्यासाठी पाणी उकळावे लागते, असे बाईंनी सांगितले. पाणी गाळून आणि उकळून पिण्याची रीत मुलाने जन्मापासून घरी पाहिली होती. त्याने आजीला विचारले, “आजी, एकदा गाळले की पुन्हा उकळायचे कशाला?” आजीने जीवदयेचे आणि संयमाचे कारण सांगितले. शाळेने आरोग्याचे कारण सांगितले होते. दोन्ही कारणे मुलाच्या मनात शेजारी शेजारी बसली, आणि रोज पाहिलेल्या कृतीकडे तो प्रथमच विचारपूर्वक पाहू लागला.

गुरुवारी शिवछत्रपतींचा इतिहास होता. जन्म १६३०, राज्याभिषेक १६७४, निधन १६८०, अशी सनावळी फळ्यावर लिहिली गेली. बाईंनी पाठांतराऐवजी एक प्रश्न घातला: राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांचे वय किती असावे? मुलाने वजाबाकी केली आणि ४४ हा आकडा सांगितला. क्षणभर थांबून तो स्वतःशीच म्हणाला, “म्हणजे आपल्या बाबांएवढे.” त्या क्षणी पुस्तकातील चित्र त्याच्यासाठी जिवंत माणूस झाले, आणि त्यासाठी गणिताचाच उपयोग झाला, हे त्याच्या लक्षातही आले नाही.

शुक्रवारी इंग्रजीच्या तासाला संख्यांची नावे होती. ‘ट्वेंटी फाइव्ह’ म्हणताना आधी वीस येतात, मग पाच. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच ऐकू येतात, मग वीस. लिहिताना मात्र दोनाचा आकडा आधी. लहान मुले २५ च्या जागी ५२ लिहून बसतात, त्यामागे पुष्कळदा हाच उलटा क्रम असतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात रूढ नावाबरोबर ‘वीस पाच’ असे वाचनही देण्यात आले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची हीच अडचण पुढे मांडली होती. घरात मारवाडी किंवा गुजराती, दुकानात मराठी आणि हिंदी, वर्गात मराठी आणि इंग्रजी अशा अनेक भाषांत मोजणाऱ्या मुलाचा गोंधळ झाला, तर तो मंदबुद्धीचा नव्हे. त्याच्यावर चार भाषांचा भार आहे, एवढेच.

शनिवारी सकाळची शाळा. कार्यानुभवात कागदी खोके उलगडून सपाट करावयाचे आणि पुन्हा जोडावयाचे होते. दुकानात रोज खोकी फोडणाऱ्या या मुलाने सहा पृष्ठे कोठे कशी दुमडतात, ते शेजारच्या तिघांना दाखवले. शाळा सुटली तेव्हा त्याचा चेहरा खुललेला होता.

त्याच दुपारी तो दुकानात बसला होता. चार शेतकऱ्यांनी मिळून टेम्पो केला होता आणि भाडे ४०८ रुपये झाले होते. “प्रत्येकी किती?” असा प्रश्न निघताच मुलगा गल्ल्याजवळून म्हणाला, “एकशे दोन.” शेतकरी हसले, आजोबांनी अभिमानाने नातवाकडे पाहिले. संध्याकाळी आजोबांनी सहज त्याची वही हातात घेतली. मंगळवारच्या पानावर १०२ च्या खाली पुसलेला १२ अजून पुसट दिसत होता. उदाहरण तेच होते: ४०८ भागिले ४.

आजोबा चकित झाले. त्यांच्या जागी दुसरे कोणीही झाले असते. परंतु अशी विसंगती एकट्या या मुलाची नाही. कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा एक अभ्यास २०२५ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अभिजित बॅनर्जी व एस्थर डफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ त्या अभ्यासकांत होते. विक्रीचे गुंतागुंतीचे हिशेब तोंडी आणि अचूक करणारी ही मुले, शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या साध्या उदाहरणांत अडखळत होती. उलट, केवळ शाळेत शिकणारी मुले वहीतील उदाहरणे सोडवीत, पण बाजारातील हिशेबात मागे पडत. बाजार आणि वर्ग यांच्यामध्ये पूल आपोआप बांधला जात नाही. तो कोणीतरी बांधावा लागतो. दुकान आणि शाळा दोन्ही ज्यांच्या घरात एकत्र येतात, त्या कुटुंबांना हा पूल बांधण्याची संधी इतरांहून अधिक असते.

आजोबांना आधी संकोच वाटला. त्यांचे स्वतःचे शिक्षण चौथीपर्यंतच झाले होते, आणि ‘आताचे गणित वेगळे असते’ असे म्हणून ते नातवाच्या अभ्यासापासून नेहमी दूर राहत. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी गल्ल्यातून शंभराच्या चार नोटा आणि रुपयाची आठ नाणी काढली व गादीवर मांडली. “बेटा, चौघांत वाट.” मुलाने प्रत्येकाच्या वाट्याला एक नोट ठेवली. “आता दहाच्या नोटा वाट.” मुलगा म्हणाला, “आजोबा, दहाची नोट एकही नाही.” “मग तसे वहीत लिहिलेस का? शंभराच्या घरात एक मांडलास, दहाच्या घरात काय मांडशील?” मुलाने क्षणभर विचार करून शून्य लिहिले, आणि मग नाणी वाटून दोन.

पुढे ५१५ रुपये आले: शंभराच्या पाच नोटा, दहाची एक, पाच नाणी. दहाची एक नोट पाच जणांत कशी वाटावी? मुलगा थांबला आणि मग स्वतःच म्हणाला, “सुट्टे करावे लागतील.” दहाच्या घरात पुन्हा शून्य पडले, सुट्टी नाणी मिळून पंधरा झाली आणि प्रत्येकाच्या वाट्याला तीन आली. तीन आठवडे न उलगडलेली गोष्ट गल्ल्यातील सुट्ट्या पैशांनी दहा मिनिटांत उलगडली. जागा रिकामी असली तरी ती दाखवावी लागते, हे मुलाला कळले.

शून्याने बुद्धिमान माणसांनाही अडवले आहे, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा थोर ग्रंथ रचला. एखाद्या संख्येला शून्याने भागले तर ती बदलत नाही, असे त्यात म्हटले आहे. आजचे गणित ते मान्य करीत नाही. त्याने आचार्यांची थोरवी उणावत नाही. मग नऊ वर्षांच्या मुलाने एक शून्य गाळले, तर त्याने मान का खाली घालावी?

येथे घरातील मोठ्यांची परीक्षा असते. आजोबांनी त्या संध्याकाळी “इतके सोपे येत नाही?” असे म्हटले असते, तर मुलाने पुढच्या वेळी अधिक नीट पुसले असते. चूक लपवण्याची सवय एकदा लागली की ती गणितापुरती राहत नाही. व्यापारात ज्या घराचे नाव चालते, तेथे खोड असलेला आकडा लपवत नाहीत. त्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहितात, म्हणजे काय चुकले तेही दिसत राहते. मुलाच्या वहीतही खोडरबरापेक्षा ही एक रेघ बरी. आईने सोमवारी बाईंना तेवढेच कळवले: चुकलेले उत्तर पुसू नये, त्याच्याशेजारी बरोबर उत्तर लिहू द्यावे.

शाळेतील मूल्यमापनाची रीतही आता केवळ वार्षिक परीक्षेवर उभी नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यातील आकारिक मूल्यमापनात निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी व स्वाध्याय यांचा विचार होतो. मापट्याचा अर्थ सांगणे, खोके उलगडून दाखवणे, हेही त्यात मोलाचे आहे. परंतु पालकसभेत बहुतेकांची नजर श्रेणीच्या एका अक्षरावर जाऊन थांबते. पुढे पाचवी येते. केंद्राने २०१९ साली कायद्यात दुरुस्ती केल्यानंतर राज्यात पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली आहे. चौथीत दडून राहिलेले शून्य तेथे अपूर्णांकांत आणि दशांशांत पुन्हा पुढे येणार. तेव्हा शिकवणी लावून पाने उलटी चाळण्यापेक्षा आठवड्याच्या आठवड्याला मेळ घालणे सोपे.

असा मेळ घालण्यास पंधरा मिनिटे पुरतात. रविवारी पाठशाळेहून परतल्यावर किंवा बाजार बंद असेल त्या दिवशी मुलाजवळ बसून तीन गोष्टी विचाराव्यात. या आठवड्यात कोणती गोष्ट नवी कळली? कोठे अडले? आणि शिकलेल्यापैकी घरात किंवा दुकानात काय दिसले? पहिला प्रश्न जमेचा, दुसरा येण्याचा आणि तिसरा पूल बांधणारा. ‘तुझा नंबर कितवा’ आणि ‘शेजारच्या मुलाला किती मिळाले’ हे प्रश्न या बैठकीत येऊ देऊ नयेत. मूल सांगत असताना फोन गल्ल्यात ठेवावा. जे अडले, ते त्याच दिवशी सुटलेच पाहिजे असे नाही. ते लिहून ठेवावे आणि पुढच्या आठवड्यात विचारावे.

त्या घरात आता शनिवारच्या संध्याकाळी आजोबा आणि नातू गादीवर बसतात. एका जुन्या वहीत मुलगा आठवड्याचे पान स्वतः भरतो. तळाशी अडलेल्या गोष्टी लिहितो, आणि पुढच्या आठवड्याच्या पानाच्या माथ्यावर त्या पुन्हा उतरवतो. पहिल्याच दिवशी त्याने विचारले होते, “आजोबा, इथे वर काय लिहायचे?” आजोबांनी त्याच्या हातातील पेन्सिल घेतली आणि आपल्या वळणदार अक्षरांत लिहिले: मागील पानावरून पुढे.