वाट उघडी ठेवायची, तर कारण द्या

जंगलातली एखादी वाट गाड्यांसाठी बंद झाली, की अमेरिकेत दोन तट पडतात. एक म्हणतो, सरकारने लोकांच्या मालकीच्या जमिनीला कुलूप ठोकले. दुसरा म्हणतो, जी वाट मुळात व्हायलाच नको होती ती उशिरा का होईना बंद झाली. मग सुनावण्या, मोर्चे, कोर्टकचेऱ्या आणि निवडणुकीतली भाषणे ओघाने येतात. गेली पन्नास वर्षे हेच चालले आहे. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या कृषिमंत्री ब्रूक रोलिन्स यांनी 2001 चा ‘रोडलेस रूल’ रद्द करण्याचा इरादा जाहीर केला आणि हा वाद पुन्हा पेटला. राष्ट्रीय वनांतल्या सुमारे 5 कोटी 85 लाख एकरांवर नवे रस्ते बांधायला या नियमाने मज्जाव केला होता. नियम रस्त्यांचा आणि लाकूडतोडीचा आहे, मोटारसायकली नि जीपच्या वाटांवर तो बंदी घालत नाही. पण जंगलात रस्ता गेला की गाडी जाते आणि गाडी गेली की तिच्या आजूबाजूला वाटा फुटतात, हे दोन्ही तटांना पक्के ठाऊक आहे.

वाट बंद करणाऱ्या सरकारी खात्याने त्याचे कारण द्यावे, ही मागणी रास्त आहे. मात्र वाट उघडी ठेवा म्हणणाऱ्यानेही तितकेच ठोस कारण दिले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. उघडे असणे हीच जंगलाची मूळ स्थिती आणि बंदी हा अपवाद, असे गृहीत धरल्यामुळेच हा प्रश्न एवढा चिघळला.

तो चिघळला कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेच्या वनसेवेकडे, म्हणजे ‘फॉरेस्ट सर्व्हिस’कडे, सुमारे 19 कोटी 30 लाख एकर जमीन आहे. आपल्या महाराष्ट्राच्या अडीचपट. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या जीप स्वस्तात बाजारात आल्या, पाठोपाठ रानात चालणाऱ्या मोटारसायकली आणि मग चार जाड चाकांच्या छोट्या गाड्या. वनसेवेच्याच आकड्यांनुसार 1972 मध्ये अशा गाड्या फिरवणारे देशभरात सुमारे 50 लाख लोक होते, 2000 साली ते 3 कोटी 60 लाखांच्या घरात गेले. आणि बहुतेक वनांत नियम काय, तर जिथे बंदीची पाटी नाही तिथे गाडी चालेल. त्यामुळे कोणीही न आखलेल्या, न बांधलेल्या हजारो वाटा नुसत्या चाकांनी तयार झाल्या. एखादा शिकारी एका हंगामात डोंगरसोंडेवरून जीप घालतो, पुढच्या हंगामात त्याच्या खुणेवरून दहाजण जातात आणि काही वर्षांनी तीच वाट ‘पूर्वापार वहिवाटीची’ म्हणून सुनावणीत मांडली जाते.

नुकसान नेमके होते कसे, हे कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतातल्या एखाद्या ओल्या कुरणात कळते. मे-जूनमध्ये बर्फ वितळते आणि कुरणाची माती पाण्याने तुडुंब होते. त्यातून एक जीप जाते. चाकाखालची माती दबते, गवताची मुळे तुटतात, दोन चाकोऱ्या उरतात. दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, ते चाकोरीतून वाहू लागते. मागून येणारा चालक चिखल टाळण्यासाठी दोन हात बाजूने जातो, त्याच्या मागचा आणखी बाजूने, आणि एका वाटेच्या चार होतात. काही हिवाळे गेले की चाकोरीची घळ होते. ही घळ कुरणातले पाणी ओढून ओढ्यात नेते, पाण्याची पातळी खाली जाते, ओलाव्यावर जगणारे गवत मरते आणि त्या जागी कोरड्या जमिनीतली झुडपे येतात. वाहून गेलेला गाळ खाली ओढ्यातल्या खडीवर बसतो. त्याच खडीत ट्राउट मासा अंडी घालतो. यातल्या एकाही चालकाने जंगलाचे वाईट चिंतलेले नसते. म्हणूनच हा प्रश्न चालकांच्या चांगुलपणावर सोडता येत नाही.

हे सरकारला उशिरा कळले असेही नाही. 8 फेब्रुवारी 1972 रोजी रिचर्ड निक्सन यांनी कार्यकारी आदेश काढला. माती, पाणलोट, वनस्पती आणि वन्यप्राणी यांचे नुकसान, तसेच इतर लोकांशी होणारे खटके कमीत कमी होतील अशाच जागी गाड्यांच्या वाटा ठरवाव्यात, असे त्यात लिहिले होते. 1977 मध्ये जिमी कार्टर यांनी त्याला धार आणली : गंभीर नुकसान होत असेल तर ती जागा ताबडतोब बंद करा. कागदावर सगळे होते, जमिनीवर फारसे काही उतरले नाही. 2003 मध्ये वनसेवेचे तत्कालीन प्रमुख डेल बॉसवर्थ यांनी राष्ट्रीय वनांपुढचे चार मोठे धोके सांगितले, तेव्हा वणवे, परकी प्रजाती आणि मोकळ्या जमिनीचा ऱ्हास यांच्या पंक्तीत ‘बेलगाम रंजन’ही बसवले. नोव्हेंबर 2005 मध्ये नवा नियम आला. प्रत्येक वनाने कोणत्या वाटेवर, कोणती गाडी, वर्षाच्या कोणत्या काळात चालेल हे ठरवायचे, त्याचा नकाशा छापून लोकांना फुकट द्यायचा, आणि नकाशात जी वाट नाही ती बंद. पाटी नसेल तर उघडे, हे गृहीतक इथे उलटे झाले. ओझे जंगलाच्या खांद्यावरून गाडीच्या टपावर आले. या एका बदलाचे मोल फार मोठे आहे.

विरोधकांच्या तक्रारी मात्र झटकून टाकण्यासारख्या नाहीत. नकाशे करताना अनेक ठिकाणी खात्याची माणसे वाटेवर गेलीच नाहीत, टेबलावर रेघा मारल्या गेल्या, असे गावकरी सांगतात. मुख्य रस्त्यापासून ओढ्याकाठच्या मुक्कामाच्या जागेपर्यंत जाणारा छोटासा फाटा बंद झाला, की ज्यांचे गुडघे आता चालू देत नाहीत अशा म्हाताऱ्यांचे जंगलच बंद होते. दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून वाट बंद करायची आणि नाव मात्र पर्यावरणाचे द्यायचे, असे होत असेल तर तेही चुकीचे आहे. शिवाय दहा वाटा बंद करून दोन ठेवल्या तर सगळा भार त्या दोनांवर येतो. युटातल्या मोआब परिसरात भूव्यवस्थापन विभागाने 2023 मध्ये 317 मैलांच्या वाटा बंद केल्या. तिथे 1967 पासून दर ईस्टरला जीपवाल्यांचा मेळा भरतो, गावाची हॉटेले आणि गॅरेजे त्यावर चालतात. तिथल्या माणसाला पोटाची काळजी वाटली तर त्याला जंगलाचा वैरी ठरवू नये. पण त्याच परिसरात 800 मैलांहून अधिक वाटा खुल्या राहिल्या, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

अशा वादात एकेका वाटेचा हिशेब मांडण्यावाचून गत्यंतर नाही. 2015 मध्ये मोंटानातल्या बीव्हरहेड-डीअरलॉज वनातील स्नोमोबाइलच्या खटल्यात अपील न्यायालयाने वनसेवेला हेच सुनावले. नुकसानीचा विचार केला असे लिहून भागणार नाही, ते कमी करण्यासाठी कोणत्या जागी काय ठरवले ते दाखवा. कॅलिफोर्नियातल्या एल्डोराडो वनात कुरणांतून जाणाऱ्या 42 वाटा खटल्यानंतर बंद कराव्या लागल्या आणि मग वनसेवेची माणसे त्या प्रत्यक्ष पाहायला गेली. काही वाटा नियमात बसल्या, त्या पुन्हा उघडल्या. काही बसल्या नाहीत. मोघम बंदी जितकी वाईट तितकीच मोघम मोकळीक वाईट.

याच एल्डोराडो परिसरात रुबिकॉन नावाची सुमारे 35 किलोमीटरची खडकाळ वाट टाहो सरोवराकडे जाते. जीपवाल्यांची ही पंढरी. 1953 पासून तिथे जीपचे मेळावे होत आले आहेत. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या एका जीपला याच वाटेचे नाव आहे. 2009 मध्ये तिथल्या पाणी मंडळाने काउंटी आणि वनसेवेला आदेश बजावला. वाटेवरचा गाळ, गाड्यांतून गळणारे तेल आणि माणसांची विष्ठा ओढ्यांत जाते आहे, हे थांबवा. वाट कायमची बंद पडण्याची वेळ आली होती. चालकांच्या संघटनांनी तेव्हा काउंटीला साथ दिली आणि स्वतः घाम गाळला. वाटेवरचे पाणी जागोजागी बाजूला काढण्यासाठी उतार आणि दगडी बांध घातले. एलिस ओढ्यावर पूल झाला, म्हणजे चाके पाण्यात उतरायला नकोत. आडवाटा दगड लावून बुजवल्या. तेल टिपून घेणारे साहित्य आणि विष्ठा परत नेण्याच्या पिशव्या चालकांना वाटल्या. जमीन पाण्याने भरलेली असते त्या दिवसांत वाट बंद ठेवण्याचे ठरले. रुबिकॉन आजही चालू आहे, कारण ती उघडी ठेवा म्हणणाऱ्यांनी तिचा सांभाळ अंगावर घेतला.

याच्या नेमके उलटे उदाहरण नेवाडातल्या जार्बिजचे. 1995 च्या पुरात तिथल्या नदीकाठचा जंगलरस्ता वाहून गेला. नदीत बुल ट्राउट हा दुर्मीळ होत चाललेला मासा. रस्ता पुन्हा बांधला तर गाळाने त्याचे निवासस्थान धोक्यात येईल म्हणून वनसेवेने नकार दिला. काउंटीने 1998 मध्ये परवानगीवाचून यंत्रे घातली. कर्मचाऱ्यांविरुद्धचे वातावरण इतके तापले की वनाच्या प्रमुख अधिकारी ग्लोरिया फ्लोरा यांनी नोव्हेंबर 1999 मध्ये जाहीर कारणे देऊन राजीनामा दिला. 4 जुलै 2000 रोजी फावडी घेऊन लोक जमले आणि रस्त्यावरचा प्रचंड धोंडा त्यांनी दोर लावून ओढून काढला. टाळ्या पडल्या, छायाचित्रे झाली आणि खटला पुढे कित्येक वर्षे रेंगाळला. युटातल्या रिकॅप्चर खोऱ्यात प्राचीन प्यूब्लो वस्त्यांच्या अवशेषांतून जाणारी वाट 2007 मध्ये बंद झाली होती. 2014 मध्ये काउंटी आयुक्त फिल लायमन यांनीच तिथे गाड्यांचा निषेध मोर्चा नेला. ते दोषी ठरले, दहा दिवस तुरुंगात गेले आणि डिसेंबर 2020 मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. बंदीचा निर्णय चुकीचा वाटला तर अपील आहे, न्यायालय आहे. लोकप्रतिनिधीनेच नियम चाकाखाली घ्यावा आणि सर्वोच्च सत्तेने त्याची पाठ थोपटावी, यातून पाटी लावणाऱ्या सामान्य वनरक्षकाला काय संदेश जातो?

‘जंगल जनतेचे आहे’ हे वाक्य या वादात दोन्हीकडून फेकले जाते. ते खरेच आहे. पण त्या जनतेत गाडीवाला जसा येतो तसा पायी चालणारा येतो, गुरे चारणारा येतो, खाली शंभर मैलांवर त्याच ओढ्याचे पाणी पिणारा येतो आणि अजून जन्माला न आलेलाही येतो. सामायिक मालकीचा अर्थ प्रत्येकाला हवे ते करण्याची मुभा असा होत नाही. उलट, ज्याच्या वापराने इतरांचा वाटा कमी होतो त्याने आधी हिशेब द्यायचा असतो.

महाराष्ट्रालाही हा विषय आता परका राहिलेला नाही. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून थार आणि जिम्नीचे ताफे सह्याद्रीकडे निघतात. कातळसड्यांवर आणि पठारांवर मातीचा थर बोटभर असतो, चार महिन्यांत उगवून फुलून बी धरणाऱ्या वनस्पती त्यातच जगतात, आणि खळग्यांत साठलेल्या पाण्यात बेडकांची पैदास होते. तिथे चाक एकदा घसरले की माती धुऊन जाते आणि खाली नुसता जांभा उरतो. आपला कायदा अमेरिकेहून कडक आहे. भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 नुसार राखीव वनात विनापरवाना शिरणे हाच गुन्हा आहे, अभयारण्यातल्या प्रवेशावर 1972 च्या वन्यजीव कायद्याचे कलम 27 आहे. म्हणजे कायद्याने बहुतेक सगळे बंदच आहे. पण कोणती वाट कोणाला, कोणत्या महिन्यांत, हे सांगणारा नकाशा सामान्य माणसाच्या हाती नाही. अशा स्थितीत कायदा मोळी आणणाऱ्या बाईला अडवतो आणि शहरी ताफा हात हलवत निघून जातो, अशी भीती राहतेच.

यातून मार्ग आहे आणि त्याची चुणूक आपल्याकडेच दिसली आहे. 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या कास पठारावर कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या सहभागाने फुलांच्या हंगामात पर्यटकांची संख्या आणि गाड्या आवरल्या जातात. वनहक्क कायदा 2006 च्या कलम 5 ने ग्रामसभांना जंगल आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार दिला आहे. वन विभागाने प्रत्येक तालुक्याचा वाटांचा नकाशा ग्रामसभांना बरोबर घेऊन करावा आणि मराठीत प्रसिद्ध करावा. गाड्यांसाठी जी वाट उघडी ठेवायची तिचे कारण, हंगाम आणि देखभालीची जबाबदारी त्या नकाशावर लिहावी. ज्या वाटेची जबाबदारी घ्यायला कोणी पुढे येत नाही, ती वाट गाड्यांना बंद.

गाडी चालवण्याची हौस हा काही गुन्हा नाही. रुबिकॉनच्या चालकांनी दाखवून दिले की हौस आणि जबाबदारी एका वाटेने जाऊ शकतात. पण त्यांना तिथवर आणले ते पाणी मंडळाच्या आदेशाने आणि वाट गमावण्याच्या खऱ्या भीतीने. ‘रोडलेस रूल’ मोडीत काढून अमेरिकी सरकारने पुन्हा जुन्या गृहीतकाकडे पाऊल टाकू नये, आणि महाराष्ट्राने त्या गृहीतकात नव्याने अडकू नये. जंगलाला सुनावणीत उभे राहून बोलता येत नाही, म्हणून पुरावा देण्याचे ओझे चाक घेऊन येणाऱ्यावरच असले पाहिजे.