मोजमाप आधी, मात्रा नंतर

पाच वर्षांखालील सर्व बालकांना जीवनसत्त्व 'अ'ची मोठी मात्रा सरसकट पाजावी, हे धोरण भारताने १९७० साली स्वीकारले. या जीवनसत्त्वाच्या अभावी त्या काळी असंख्य मुलांची दृष्टी कायमची जात असे. तेव्हा तो निर्णय योग्यच होता. नवव्या महिन्यात एक लाख एकक व पुढे दर सहा महिन्यांनी दोन लाख, अशा नऊ मात्रांचा हा कार्यक्रम आहे. त्याची आजची गरज किती, हा प्रश्न मात्र भावनेने नव्हे, तर रक्ताच्या तपासणीनेच सुटण्यासारखा आहे.

२०१६ ते २०१८ या काळात झालेल्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मुलांच्या रक्ताचे नमुने घेण्यात आले. एक ते चार वर्षे वयाच्या सुमारे १८ टक्के मुलांत जीवनसत्त्व 'अ'ची उणीव आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार हे प्रमाण २० टक्के वा अधिक असेल तर प्रश्न गंभीर मानावा आणि सरसकट मात्रा द्याव्यात. म्हणजे देशाची सरासरी या रेषेच्या किंचित खाली आहे. पण झारखंडात हेच प्रमाण ४३ टक्के, तर गोवा व राजस्थानात अवघे २ टक्के होते. सरासरी पाहून कार्यक्रम बंद केला तर झारखंडच्या मुलांवर अन्याय होईल. तो सर्वत्र तसाच चालू ठेवला तर गोव्यात निष्कारण खर्च होईल. सरासरी दोन्हीकडे फसवते.

हे आकडे तरी कितपत विश्वसनीय? रक्तातील पेशी वेगळ्या केल्यावर जो पिवळसर द्रव उरतो, त्यात जीवनसत्त्व 'अ' रेटिनॉलच्या रूपात असते. दर लिटरमागे ०.७० मायक्रोमोलपेक्षा ते कमी भरल्यास उणीव मानतात. रेटिनॉल प्रकाशाने नष्ट होते. म्हणून नमुना अंधारात व थंडीत जपावा लागतो. शिवाय शरीराचा साठा यकृतात असतो आणि तो बराच आटेपर्यंत रक्तातील पातळी फारशी ढळत नाही. उलट मुलाला ताप वा संसर्ग असेल, तर साठा पुरेसा असूनही ती तात्पुरती घसरते. म्हणूनच या सर्वेक्षणात दाहदर्शक प्रथिनही मोजले गेले आणि ज्यांच्यात ते वाढलेले आढळले, ती मुले या हिशेबातून वगळली गेली. एवढी दक्षता घेतलेला आकडाच धोरणाचा आधार होऊ शकतो.

प्रत्येक मुलाचे रक्त तपासणे परवडणारे नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तो खरा आहे, पण गैरलागू आहे. महागाईचा निर्देशांक काढण्यासाठी आपण प्रत्येक दुकानात जात नाही. नीट निवडलेला नमुना पुरतो. तसेच नमुना-सर्वेक्षण ठरावीक वर्षांनी, जिल्हावार झाले पाहिजे. अधिक दिले तर बिघडले काय, हा युक्तिवादही टिकत नाही. 'क' जीवनसत्त्वाप्रमाणे 'अ' मूत्रावाटे सहज बाहेर पडत नाही. ते यकृतात साचते आणि अतिरेक झाल्यास अपाय करते. आता तेलात व दुधातही ते मिसळले जात असल्याने बालकाच्या पोटात एकंदर किती जाते, याचा हिशेब ठेवणे अधिकच आवश्यक झाले आहे.

जेथे उणीव तीव्र आहे, तेथे एकही मात्रा चुकता कामा नये. जेथे ती नगण्य आहे, तेथे फेरमोजणी करून मात्रा थांबवाव्यात आणि वाचलेला पैसा अंगणवाडीच्या ताटातील पालेभाज्या, पपई व अंडी यांवर खर्चावा. सर्वांना सारखे देणे म्हणजे समता नव्हे. ज्याला जे उणे आहे ते त्याच्यापर्यंत पोहोचवणे ही समता होय. त्यासाठी उणे काय आहे, हे आधी मोजावे लागते.